भांड्यांचा आवाज कुणाला ऐकू येतो?

दिवाळीनंतर आमच्या घरात डिशवॉशर घ्यायचा विषय निघाला. घर म्हणजे हल्लीच्या पद्धतीचा फ्लॅट. ओटा संपतो तिथे सोफा सुरू होतो, मध्ये भिंत नाही. मुलगी रात्री जेवणाच्या टेबलावर अभ्यासाला बसते. त्यामुळे अट एकच होती, यंत्राचा आवाज नको.

दुकानातल्या मुलाने दोन मॉडेल दाखवली. एक ५२ डेसिबलचं, जरा स्वस्त. दुसरं ४४चं. "सर, हे चव्वेचाळीसवालं घ्या. चालू आहे का बंद, तेही कळणार नाही."

घरी येऊन आम्ही यावर बोलत होतो, तेव्हा मावशी भांडी घासत होत्या. आमच्याकडे त्यांची दोन कामं, लादी आणि भांडी. दोन्हींचे पैसे वेगवेगळे धरलेले. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "दादा, मशीन आली की माझं भांड्याचं काम गेलं ना?"

त्या संध्याकाळी मला नीट उत्तर देता आलं नाही. मग नेहमीच्या सवयीने या यंत्राचा इतिहास वाचत बसलो. त्यातून एक गोष्ट लक्षात आली. भांडी घासण्याचा आवाज माणसाला पहिल्यापासून नकोच होता. पण तो कमी करायची धडपड तेव्हाच झाली, जेव्हा तो भांडी न घासणाऱ्यांच्या कानावर पडायला लागला. तोपर्यंत आवाज कमी करण्याऐवजी आवाजासकट माणूसच लांब ठेवला जायचा.

सुरुवात अमेरिकेपासून करू.

१८८६ हे साल मराठी माणसाच्या ओळखीचं आहे. त्या वर्षी मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. तो समारंभ बघायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून तिकडे गेल्या आणि पुढे जवळपास तीन वर्षं अमेरिकेतच राहिल्या. परत आल्यावर त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं, त्यात तिथल्या बायकांबद्दल आणि घरांबद्दलही लिहिलं. त्याच वर्षी, २८ डिसेंबर १८८६ला, इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कॉक्रन या बाईंना भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं.

या बाई स्वतः भांडी घासून थकल्या होत्या म्हणून त्यांनी यंत्र काढलं, असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. घरी नोकर होते. नोकरांच्या हातून चिनी मातीच्या उंची बश्यांचे टवके उडायचे, हे त्यांचं दुखणं होतं. हे चालू असतानाच १८८३मध्ये नवरा वारला आणि मागे कर्ज ठेवून गेला. मग हौसेची कल्पना पोटापाण्याचा उद्योग झाली. घरामागच्या शेडमध्ये जॉर्ज बटर्स नावाच्या मेकॅनिकला हाताशी धरून त्यांनी यंत्र उभं केलं.

त्यांच्याआधी १८५०मध्ये जोएल हॉटन याने हाताने फिरवायचं लाकडी यंत्र काढलं होतं. ते भांड्यांवर पाणी उडवायचं, इतकंच. कॉक्रनबाईंनी भांड्यांची मापं घेतली आणि त्या मापाच्या तारांच्या चौकटी केल्या. भांडं जागेवर पक्कं बसायचं आणि साबणाचं गरम पाणी जोराने त्याच्यावर यायचं. आजही आपल्या यंत्राचं तत्त्व हेच आहे. हलायचं ते पाण्याने, भांड्याने नाही.

पहिली गिऱ्हाइकं मात्र घरं नव्हती. शिकागोतली पामर हाउस, शर्मन हाउस अशी मोठी हॉटेलं होती. शर्मन हाउसच्या दालनातून एकटीने, सोबत नवरा किंवा वडील नसताना चालत जाणं किती अवघड गेलं, हे त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं. १८९३च्या शिकागो प्रदर्शनात त्यांचं यंत्र होतं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले. पुढे सभागृहात भाषणं होत होती आणि प्रदर्शनातल्या उपाहारगृहांच्या मागच्या खोल्यांत कॉक्रनबाईंची यंत्रं ताटं धूत होती.

घरांनी हे यंत्र का घेतलं नाही? कारणं अगदी साधी होती. किंमत परवडणारी नव्हती. घरच्या बंबात एवढं गरम पाणी निघत नव्हतं. बऱ्याच ठिकाणचं पाणी जड, त्यात साबणाला फेस येत नव्हता. शिवाय ज्याच्याकडे यंत्राचे पैसे होते, त्याच्याकडे नोकरही होता.

हॉटेलच्या मागच्या खोलीत ते यंत्र किती खडखडतं, याची फिकीर कुणाला असणार? पाहुणा पुढे बसलेला. आवाज ऐकणारा माणूस तिथे पगारावर उभा.

घरासाठी सोयीचं यंत्र यायला बराच काळ गेला. १९२४मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हॉवर्ड लिव्हन्स याने लहान यंत्र केलं. पुढे उघडणारं दार, आत तारांची चौकट, खाली गोल फिरणारा फवारा. आजच्या यंत्राचं चित्रच म्हणा. १९२९मध्ये जर्मनीच्या मीलेने विजेवरचं यंत्र आणलं. कॉक्रनबाईंची कंपनी त्यांच्या मृत्यूनंतर, १९२६मध्ये, होबार्टने घेतली. त्यांच्या किचनएड नावाखाली घरगुती डिशवॉशर बाजारात आला तो १९४९ला. १९७०च्या दशकापर्यंत अमेरिकेत आणि पश्चिम युरोपात मध्यमवर्गीय घरांत ते रुळलं होतं.

पण आवाज? जुनी यंत्रं ६० डेसिबलच्या वर सहज जायची. म्हणजे दोन माणसं एकमेकांशी बोलतात तेवढा आवाज, तोही सलग तासभर. ते लोकांनी चालवून घेतलं, कारण स्वयंपाकघराला दार होतं. १९२६मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी जे प्रसिद्ध स्वयंपाकघर आखलं, ते जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं होतं. बाईची पावलं वाचावीत म्हणून सगळं हाताशी. हेतू चांगलाच होता. पण त्या खोलीत एकच माणूस मावायचं. पावलं वाचली आणि बाई एकटी पडली, अशी टीका पुढे झालीच.

नंतर ही भिंतच पडायला लागली. स्वयंपाकघर बैठकीला जोडलं गेलं. टीव्ही बघणारा नवरा, गप्पा मारणारे पाहुणे आणि यंत्र एकाच खोलीत आले. आता तो आवाज सगळ्यांचा झाला. मग कंपन्यांना डेसिबलचा आकडा जाहिरातीत छापावासा वाटू लागला. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३मध्ये 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात दाखवलं, की घरातल्या यंत्रांनी पुरुषांचं, मुलांचं आणि नोकरांचं काम कमी केलं, आईचं तितकंसं नाही. आवाजाचंही मला तसंच वाटतं. आईच्या एकटीच्या कानावर पडत होता तोवर तो गृहीत धरलेला होता.

आता हा आवाज कमी कसा झाला तेही बघू, कारण यंत्र निवडताना ते उपयोगी पडतं.

जुन्या अमेरिकन यंत्रांत खरकटं दळून टाकायला एक चक्की असायची. तिचा आवाज मोठा. युरोपियन यंत्रांनी चक्कीऐवजी गाळणी बसवली. आवाज गेला, पण गाळणी काढून धुवायचं काम आपल्याकडे आलं.  आता ब्रश नसलेली, वेग कमी-जास्त करता येणारी इन्व्हर्टर मोटर असते. आतल्या स्टीलच्या पेटीला बाहेरून डांबराचा जाड थर देतात, म्हणजे पाणी आपटलं तरी पत्रा घणघणत नाही. वरचे आणि खालचे फवारे एकदम न चालवता आळीपाळीने चालवतात. वाळवायला पंखा लावण्याऐवजी भांड्यांच्या स्वतःच्या उष्णतेवर ती वाळू देतात.

या सगळ्याची किंमत एका गोष्टीत मोजावी लागते, ती म्हणजे वेळ. पाणी हळू आणि कमी फेकायचं तर जास्त वेळ फेकावं लागतं. म्हणून शांत यंत्राचा काटकसरीचा प्रोग्रॅम तीन-साडेतीन तास चालतो. जी बाई तासाभरात चार माणसांची भांडी घासून, विसळून, पालथी घालून जाते, तिला हे ऐकून हसू येईल. मावशींना आलंच.

आता आपल्याकडे या.

आपल्या घरांचा नकाशा बघितला तर भांडी घासायची जागा नेहमी घराच्या पाठीमागे. गावाकडे परसात, विहिरीजवळ किंवा आळवाच्या वाफ्याशेजारी. राख, माती, नारळाची शेंडी, पितळेला चिंच. वाड्यात आणि चाळीत मोरी. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनी. ही ड्राय बाल्कनी म्हणजे परसाचंच शेवटचं टोक. तिथे उन्हात-पावसात वाकून किंवा पाटावर बसून कुणीतरी भांडी घासतं. मधलं दार लावून घेतलं की आतल्या माणसाला आवाज नाही.

हे नुसतं आवाजाचं प्रकरण नव्हतं, उष्ट्या-खरकट्याचंही होतं. कित्येक घरांत बाहेरच्या बाईने घासलेली भांडी घरातली बाई पुन्हा विसळून मगच आत घ्यायची. म्हणजे घासण्याचे कष्ट एकीचे आणि भांडं 'शुद्ध' करायचा अधिकार दुसरीचा. जातीची उतरंड रोज दुपारी मोरीत मांडली जायची. आणि आत घेणारी ती दुसरीसुद्धा काही मालकीण म्हणून मोकळी नव्हती. बाईचा खाडा झाला की तीच मोरीत बसायची.

आपल्या भाषेतही हा आवाज आहे. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच, असं आपण म्हणतो आणि विषय मिटवतो. पण घरातली बाई रागावली की भांडी जरा जोरात आदळायची, हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. जिला बोलायची मुभा नव्हती, तिचं ते बोलणं होतं. आतल्या खोलीतून कुणीतरी "काय आदळआपट चाललीय?" म्हणायचं. का चाललीय, ते विचारायला कुणी उठायचं नाही.

मोलकरणींनी मात्र एकदा शहराला ऐकू जाईल असा आवाज केला. १९८० साली पुण्यात त्यांनी संप केला. पगार वाढवा, सुट्टी द्या, अशा साध्या मागण्या. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. नागपुरात डॉ. रूपा कुलकर्णी यांनी विदर्भ मोलकरीण संघटना बांधली. त्याआधी १९५९ साली संसदेत घरकामगारांसाठी विधेयक आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला २००८ला, प्रत्यक्ष मंडळ आलं २०११ला. त्याच २०११मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. भारताने बाजूने मत दिलं, पण कराराला रीतसर मान्यता काही दिली नाही. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितलं, की समिती नेमा आणि घरकामगारांसाठी कायद्याची चौकट करता येते का ते बघा. १९५९ ते २०२५. हिशेब तुम्हीच करा.

या गोष्टीतलं सगळ्यात ठळक साल २०२०. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि सोसायट्यांची फाटकं मावश्यांसाठी बंद झाली. त्या महिन्यांत मध्यमवर्गाला पहिल्यांदा कळलं की चार माणसांच्या घरात दिवसाला किती भांडी पडतात. समाजमाध्यमांवर भांडी घासणाऱ्या पुरुषांचे विनोद फिरले. आणि डिशवॉशरची मागणी एवढी वाढली की दुकानांत माल मिळेना, अशा बातम्या आल्या. भारतीय कढईसाठी ७० अंशाच्या गरम पाण्याचा खास प्रोग्रॅम असलेली यंत्रं तोवर होतीच. त्यांना आता गिऱ्हाईक मिळालं.

फाटकाच्या या बाजूला यंत्राची रांग होती, त्या बाजूला काय होतं? काहींना घरबसल्या पगार मिळाला, अनेकींना नाही. पुढच्या वर्षी राज्य सरकारने नोंदणी असलेल्या घरकामगारांना दीड हजार रुपये जाहीर केले. पण नोंदणी होती किती जणींची? आपल्याकडे काम करणाऱ्या बाईंची मंडळाकडे नोंद आहे का, हे त्यावेळी आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? मी विचारलं नव्हतं. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

दुसरीकडे घरातल्या घरातही चित्र फार बदललेलं नाही. सरकारच्याच २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६च होते.

आता ज्यांना खरंच यंत्र घ्यायचंय त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. एवढं वाचलंत तर तेवढं देणं लागतो.

डेसिबलचा आकडा साध्या बेरजेसारखा वाचू नका. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि दहा वाढले की कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे ४४ आणि ५२ यांत चांगलाच फरक आहे; ४४ आणि ४२ यांतला फरक मात्र कानाला जेमतेम कळेल, त्यासाठी फार जास्त पैसे मोजू नका. युरोपात मार्च २०२१पासूनच्या लेबलवर आवाजाची प्रतही असते: ३९च्या खाली 'ए', ३९ ते ४५च्या आत 'बी', ४५ ते ५१च्या आत 'सी', त्यापुढे 'डी'. उघड्या स्वयंपाकघरात, कुणी तिथेच झोपत किंवा अभ्यास करत असेल तर 'बी'पर्यंत यावं. ड्राय बाल्कनीत दाराआड ठेवणार असाल तर ५० सुद्धा चालेल.

छापलेला आकडा यंत्रातून निघणाऱ्या एकूण आवाजाचा असतो आणि तो ठरावीक प्रोग्रॅमवर मोजतात. कढईचा जोरदार प्रोग्रॅम लावला की जास्त आवाज येणारच. पाणी उपसून टाकणारा पंप थोडा वेळ घुरघुरतो, तेही धरून चाला.

अर्धा आवाज बसवण्यावर आहे. यंत्राचे पाय समपातळीत हवेत. मागची नळी भिंतीला किंवा ओट्याच्या लाकडाला टेकू देऊ नका. आपली स्टीलची ताटं-वाट्या एकमेकांना चिकटून लावली तर चव्वेचाळीसचं यंत्रही देवळातल्या झांजांसारखं वाजेल. आणि रात्री लावणार असाल तर खालच्या मजल्यावरच्यांचा विचार करा. हवेतून न जाणारी थरथर स्लॅबमधून खाली जाते. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा ४५ डेसिबल आहे. तो नियम वस्तीतल्या आवाजाला लागतो, त्याची तुलना यंत्राच्या आकड्याशी होत नाही. पण रात्रीची शांतता म्हणजे साधारण किती, याचा अंदाज त्यावरून येतो.

शिवाय लोखंडी तवा, बिडाची कढई, कल्हईची पितळी, लाकडी पोळपाट आणि ॲल्युमिनियमची पातेली यात घालू नका. म्हणजे यंत्र आलं तरी कुणीतरी ओट्याशी उभं राहणारच आहे. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर यंत्राचं मीठ नियमित घालावं लागेल, नाहीतर भांड्यांवर पांढरे डाग पडतील.

असो. परत मावशींकडे येतो.

आम्ही अजून यंत्र घेतलेलं नाही. घेणार आहोत, बहुतेक चव्वेचाळीसचंच. पण त्याआधी बसून हिशेब केला. भांड्यांच्या कामाचे जे पैसे ठरलेले होते ते तसेच चालू राहतील. त्या वेळात यंत्रात न जाणारी मोठी भांडी आणि ओटा एवढंच काम. महिन्याच्या चार सुट्ट्या पगारी, खाडा कापायचा नाही. आणि मंडळाच्या नोंदणीचा अर्ज भरून द्यायचं काम माझ्याकडे. कामाचा दाखला मालकाने द्यायचा असतो, तो मी इतकी वर्षं दिलेला नव्हता.

यात मोठेपणा काही नाही. यंत्राला जेवढे पैसे आम्ही एकरकमी देणार आहोत, त्यापुढे ही रक्कम फार नाही.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दादा, ते मशीनमध्ये भांडी लावणार कोण? ताई ऑफिसातून येऊन लावणार?"

मी म्हटलं, मी लावेन.

त्या काही बोलल्या नाहीत. फक्त हातातलं पातेलं जरा जोरात पालथं घातलं.